पाइश आणि पा-ईश

लिस्बनची नोकरी पक्की झाली, व्हिसा यायचाय. तोवर रात्री पोर्तुगीज शिकतोय. ॲपमधली वाक्यं घोकण्यापेक्षा मी शब्द फोडत बसतो. सवयच ती, आधी पार्सिंग.

नियम तसे सरळ आहेत. प्रत्येक तुकड्यात एक स्वर हवाच. जोड आर किंवा जोड एस आला तर एक इकडे, एक तिकडे. मोटारीचा 'कार्रु' असा बरोब्बर मधून तुटतो. पण एल-एच, एन-एच आणि सी-एच या जोड्या कधी फोडायच्या नाहीत. मुलगा म्हणजे फि-ल्यु, आंघोळ म्हणजे बा-न्यु. सी-एचवाली 'शा-व' ही तर आपलीच चावी! लिस्बनचे लोक तिचा शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात, कागदावर मात्र तुकडे दोनच.

खरी गंमत दोन स्वर शेजारी आले की होते. पी-ए-आय-एस. 'पाइश'. आ आणि इ एका दमात, एकच तुकडा. अर्थ आईवडील. त्याच आयवर तिरकी रेघ मारली की स्वर वेगळे होतात. पा-ईश. दोन तुकडे, अर्थ देश.

हे नियमात बसतं, चटकन पाठही होतं. तरी या जोडीवर मी उगाच जास्त वेळ थांबलो.

परवा मोठ्याने सराव चालला होता. आई शेजारी मेथी निवडत होती.

"दोन्ही वेळा सारखंच तर म्हणतोयस," ती म्हणाली.

मग पुन्हा म्हणून दाखवलं, सावकाश. दुसऱ्या शब्दात मध्ये जरा थांबून.