प्रत एकच

जुन्या मराठी पुस्तकांचा ऑनलाइन व्यवसाय करते असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच वाचनाबद्दल बोलू लागतो. "किती छान, दिवसभर पुस्तकांत!" दिवसभर पुस्तकांत असते हे खरं, पण त्यातला बराच वेळ त्यांचं वजन करण्यात, पानं मोजण्यात आणि फोटो काढण्यात जातो. चुकून एखादं वाचायला घेतलंच, तर ते विकलं जाण्याआधी संपवायचं असतं, आणि या शर्यतीत बहुतेक वेळा गिऱ्हाईकच जिंकतं.

सांगलीतल्या घराची मागची खोली, लोखंडी मांडण्या, एक वजनकाटा, एक मोबाइल. एवढ्यावर हे चालतं. सुरुवातीला वाटायचं की यात अवघड असं काय असणार? ॲमेझॉनने १९९५ मध्ये विक्री सुरू केली ती पुस्तकांनीच, आपल्याकडे फ्लिपकार्टही २००७ मध्ये पुस्तकांपासूनच निघालं. म्हणजे इंटरनेटवर विकायला पुस्तकासारखी वस्तू नाही. हे बरोबरच आहे, पण ते नव्या पुस्तकाबद्दल. नवं पुस्तक नाशिकला घेतलं काय आणि नागपूरला घेतलं काय, सारखंच असतं. नासत नाही, मापाचा प्रश्न नाही, हात लावून बघायची गरज नाही. एकदा माहिती भरली, की तीच पाटी हजार प्रतींना पुरते.

जुन्या पुस्तकाचं सगळं उलटं. माझ्याकडच्या प्रत्येक पुस्तकाखाली मी 'प्रत एकच' असं लिहिते, आणि धंद्याचं सगळं अर्थशास्त्र या दोन शब्दांत आहे. मसाले विकणारी माझी मैत्रीण मेतकुटाचा एक चांगला फोटो काढते आणि वर्षभर त्या फोटोवर मेतकूट विकते. मी पुस्तकाचे पाच फोटो काढते, माहिती लिहिते, किंमत ठरवते, आणि पुस्तक गेलं की ती सगळी मेहनतही त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पुस्तक कितीला घेतलं यापेक्षा त्याच्यावर किती मिनिटं घालवली याचा हिशेब आधी करावा लागतो. साठ रुपयांच्या पुस्तकावर अर्धा तास घालवला तर तो व्यवसाय राहत नाही, समाजसेवा होते. समाजसेवेला माझा विरोध नाही. फक्त ती ठरवून केलेली असावी.

दुसरी अडचण क्रमांकाची. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा पुस्तक ओळखतात ते त्याच्या आयएसबीएनवरून. हा क्रमांक १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि मराठी पुस्तकांवर सरसकट दिसायला त्यानंतरही पुष्कळ काळ जावा लागला. १९५५ सालच्या कथासंग्रहाला हा क्रमांक कुठून असणार? यंत्राच्या लेखी ते पुस्तक जन्मालाच आलेलं नाही. मग शोध नावाने घ्यायचा, तर नावांची तऱ्हा निराळी. पु. ल. देशपांडे हे नाव टिंबं देऊन, न देता, जागा सोडून, न सोडता, 'पुल' असं सलग, रोमन लिपीत पाच स्पेलिंगांनी, असं कसंही शोधलं जातं. माणसाला हे सगळे एकच पु. ल. वाटतात, यंत्राला वाटतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या माहितीखाली मी ही सगळी रूपं टाकून ठेवते. दिसायला ते ओंगळ दिसतं. पण ज्याला पुस्तक सापडतं त्याची तक्रार नसते.

आता वर्णनाबद्दल, कारण माझ्या मते या धंद्याचा जीव तिथे आहे. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात विक्रेता गप्प बसला तरी चालतं. गिऱ्हाईक पुस्तक उचलतं, उलटंपालटं करतं, पानं फर्रकन फिरवतं, वास घेतं, आणि आपला निर्णय आपण घेतं. ऑनलाइनमध्ये त्याचा हातच नाही. त्याच्या बोटांनी जे काम केलं असतं ते माझ्या चार ओळींनी करायचं. 'स्थिती उत्तम' या दोन शब्दांना तिथे काडीची किंमत नाही. माझं उत्तम आणि त्याचं उत्तम यांची कधी गाठ पडलेली नसते. म्हणून मी उत्तम-मध्यम लिहायचं सोडलं. कणा सैल आहे. मागच्या पुठ्ठ्याला कसर लागलेली आहे, आतली पानं शाबूत. पृष्ठ ११२ ते ११८ शाईच्या रेघा. पहिल्या पानावर 'चि. ताईस वाढदिवसानिमित्त' अशी अर्पणाची ओळ. शिवण पक्की, पण पानं पिवळी, आणि दुमडली तर मोडतील. असं लिहिलं की पुस्तक जास्त भरवशाने विकलं जातं, हा माझा पक्का अनुभव आहे. दोष वाचून घेतलेलं पुस्तक परत येत नाही. आणि गंमत म्हणजे अर्पणाची ओळ मी दोष म्हणून लिहिते, तर काही लोक नेमकी तीच बघून पुस्तक घेतात. 'रुचिरा'च्या जुन्या प्रतीवर हळदीचे डाग आहेत असं लिहिलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "डाग असलेलंच द्या, म्हणजे त्यातलं कोणीतरी करून बघितलंय."

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. वाचनालयाचा शिक्का असेल आणि ते पुस्तक वाचनालयाने रद्द केल्याची खूण नसेल, तर ते मी घेत नाही. कोणाच्या तरी घरी राहून गेलेलं पुस्तक परत करायचं असतं, विकायचं नसतं.

काय खपतं याबद्दल नव्या माणसाचे अंदाज हमखास चुकतात. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाति' यांच्या जुन्या प्रती मला जवळजवळ प्रत्येक संग्रहात मिळतात. पुस्तकं लोकप्रिय, पण म्हणूनच घरोघरी आहेत, शिवाय नव्या आवृत्त्याही निघतात. जुन्या प्रतीला फारशी किंमत येत नाही, आणि "आमच्याकडे मृत्युंजय आहे!" असं फोनवर उत्साहाने सांगणाऱ्याला हे समजावणं जिवावर येतं. याउलट बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा. त्यांनी हजाराच्या वर लिहिल्या, त्या काळात हातोहात खपल्या, गाडीत वाचून गाडीतच राहिल्या. कपाटात काच लावून त्या कोणी ठेवल्या नाहीत. जे साहित्य थोर म्हणून जपलं गेलं ते आज मुबलक आहे, आणि जे नुसतं वाचलं गेलं ते दुर्मीळ झालं. चांगल्या स्थितीतली रहस्यकथा आली की मोबाइल तासभर थांबत नाही. जुन्या दिवाळी अंकांचंही तसंच. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांच्या मुखपृष्ठाचा अंक असेल तर घेणारा आतलं काही विचारत नाही.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते कुलवृत्तांतांनी. एका आडनावाच्या घराण्याचा इतिहास, वंशावळी, मूळ गाव, कुलदैवत, कोण कुठे स्थलांतरित झालं, असा जाडजूड ग्रंथ. घराण्यातल्याच लोकांनी वर्गणी काढून एकदा छापलेला. साहित्य म्हणून त्याला कोणी हात लावणार नाही. रस्त्यावरच्या दुकानात असा ग्रंथ विकला जायचा तर नेमक्या त्या आडनावाचा माणूस नेमका त्या दिवशी त्या फुटपाथवरून जायला हवा. इंटरनेटवर तो माणूस स्वतःचंच आडनाव शोधत बसलेला असतो. सोलापुरात, बडोद्यात, न्यू जर्सीत. कुलवृत्तांताला घासाघीस होत नाही. ऑनलाइन व्यवसायाने मला नेमकं काय दिलं असं कोणी विचारलं तर मी गिऱ्हाइकांचा आकडा सांगणार नाही. प्रत एकच असेल तर गिऱ्हाईकही एकच लागतं, आणि ते एक सापडण्याची सोय झाली, एवढं सांगेन.

परदेशातली मराठी माणसं उत्सुक असतात, पण तिकडचं टपाल पुस्तकाच्या कितीतरी पट पडतं. त्यावर त्यांनीच तोड काढली आहे. "कोथरूडला मावशीच्या पत्त्यावर पाठवा, ती मेमध्ये येणार आहे." माझी निम्मी निर्यात अशी मावशांच्या बॅगांतून होते.

पैशांचं काम यूपीआयने फारच सोपं केलं. २०१६ च्या आधी ऐंशी रुपयांच्या पुस्तकासाठी मनीऑर्डर करायला कोण गेलं असतं? तेव्हा व्ही.पी. असायची: पोस्टमन पुस्तक घेऊन दारात, पैसे द्या आणि सोडवून घ्या. आजची कॅश ऑन डिलिव्हरी तीच, आणि तिचं दुखणंही तेच. मागवताना उत्साह असतो, दारात आल्यावर साहेब घरी नसतात, आणि जाण्यायेण्याचा खर्च विकणाऱ्याच्या माथी. मी ती ठेवलेलीच नाही. व्हॉट्सॲपच्या गटात पुस्तक टाकलं की 'बुक', 'बुक', 'मला हवं' असे संदेश पडतात. त्यातले निम्मे लोक संध्याकाळपर्यंत विसरतात. पैसे ज्याचे आधी आले, पुस्तक त्याचं. आणि पैसे आले हे स्क्रीनशॉटवर मानायचं नाही, बँकेत बघायचं. 'पीडीएफ आहे का?' हा प्रश्न तर रोजचा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क शाबूत असतात, हे मी पूर्वी समजावून सांगायची. आता नुसतं 'नाही' लिहिते.

आणि टपाल. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, खाद्यपदार्थांसारखा परवाना नाही. सरकारी बाजूने याच्याइतका सुटसुटीत धंदा विरळा. पण सगळं गणित टपालाच्या दरावर टेकलेलं. नोंदणीकृत बुकपोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि माझ्यासारख्यांना एका रात्रीत नव्याने किमती मांडाव्या लागल्या. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं त्यात बसत नाहीत, म्हणजे दिवाळी अंकांचा हिशेब वेगळा. पुस्तक २८० ग्रॅमचं असतं आणि पुठ्ठा, प्लास्टिक, चिकटपट्टी धरून ३२० चं होतं. त्या वीस ग्रॅमसाठी वरचा दर. पावसाळ्यात प्लास्टिक वगळता येत नाही, कोपरे दुमडू नयेत म्हणून पुठ्ठा वगळता येत नाही. मग मी गिऱ्हाइकाला सांगू लागले, की एक पाठवायला आणि चार पाठवायला खर्चात फार फरक नाही, आणखी काही बघा. मी केलेल्या जाहिरातींनी जेवढी विक्री वाढली नाही तेवढी या एका वाक्याने वाढली.

पत्त्याच्या बाबतीत मी फक्त पिनकोड पुन्हा पुन्हा विचारते. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत याची मोजदाद करायला बसू नये. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 'मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ' असा पत्ता आला आणि तरी पुस्तक पोचलं, की त्यांचे आभार मानावेत.

भाचा सांगतो, मावशी, वाढव. माणसं ठेव, मोठ्या बाजारपेठेवर जा. तेही करून बघितलं. दीडशेच्या पुस्तकातून त्यांचं कमिशन, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि पोचवण्याचा खर्च गेल्यावर हातात उरतं त्यात रद्दीवाल्याचाही चहा होत नाही. पण खरं कारण ते नाही. पगारी माणूस 'स्थिती उत्तम' लिहील. पृष्ठ ११२ वरच्या रेघा तो बघणार नाही, आणि त्याने का बघाव्यात? त्या बघण्याचेच मला पैसे मिळतात. दहापट वाढवायचा असेल तर दहापट बघावं लागेल, आणि दिवस तेवढाच आहे. काही धंदे लहान असतात कारण ते वाढले नाहीत; हा लहान आहे कारण त्याला दुसरा आकारच नाही. त्यातून घरखर्चाचा एक भाग सुटतो, सगळा सुटत नाही. ज्याला सगळा सोडवायचा आहे त्याने मेतकूट विकावं.

शेवटी कामाचं. माझा माल येतो तो बहुतेक मिटलेल्या घरांतून. आजोबा गेले, मुलं बाहेर, फ्लॅट द्यायचा आहे, आणि भिंतभर पुस्तकांचं काय करायचं ते कोणाला कळत नाही. फोन येतो, मुखपृष्ठांचे पन्नास फोटो येतात, आणि 'किती मिळतील?' मुखपृष्ठावरून मला काही सांगता येत नाही. आवृत्ती कोणती, मुद्रणवर्ष कोणतं, हे आतल्या पानावर असतं. त्या पानाचे फोटो पाठवा. बारीक, फाटक्या, लाज वाटावी अशा रहस्यकथा आधी बाजूला काढा. आणि कुलवृत्तांत सापडला तर तो कोणालाही, अगदी मलाही, देण्याआधी घरातल्या चुलत-आतेभावंडांना एकदा विचारा. पुन्हा छापला जाण्याची शक्यता जवळजवळ नसते.