रुमालाची गाठ

थोरांच्या हस्ताक्षराची ओढ माणसाला फार जुनी आहे. ज्या कागदावरून त्यांचा हात फिरला तो आपल्या घरी असावा, या इच्छेत आदर असतो, तसा स्वामित्वाचा मोहही असतो. तळोजा येथील आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने हा विषय आमच्यापुढे आणला, म्हणून हे चार शब्द.

अमेरिकेत या छंदाचा पाया घालणाऱ्यांत विल्यम स्प्रेग हे प्रॉटेस्टंट पाळक अग्रणी होते. १८१५-१६ च्या सुमारास ते जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरी मुलांना शिकवीत असत. वॉशिंग्टन यांचे दप्तर पुतणे बुशरॉड यांच्या ताब्यात होते. नक्कल ठेवून मूळ पत्र न्यावे, अशी मुभा त्यांनी दिली आणि स्प्रेग यांनी सुमारे १,५०० पत्रे नेली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत. त्या सर्वांची हस्ताक्षरे प्रथम जमविली तीही त्यांनीच. पुढे हा संच पुरा करण्याची संग्राहकांत चढाओढ लागली. बटन ग्विनेट १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धातील जखमेने वारले. त्यांच्या सह्या मोजक्याच उरल्याने त्यांना अफाट मोल येते; कागदावर काय लिहिले आहे, हे गौण ठरते.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. त्यांनी मिळालेली पत्रे वाचून छापली. १८९८ साली पहिला खंड निघाला. असे २२ खंड झाले. नाना फडणविसांचे मेणवलीचे दप्तर पारसनीसांनी मिळविले व पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जपले गेले. ही पत्रे बहुधा कारकुनांनी मोडीत लिहिलेली. थोरांचा स्वतःचा हात असलाच तर अखेरच्या ओळीपुरता. संत पौलही पत्रे सांगून लिहवीत. रोमकरांस पत्र तर्तियाने लिहिले. गलतीकरांच्या पत्राअखेरीस मात्र पौलाने स्वहस्ते मोठी अक्षरे काढली. तो मूळ कागद आज नाही. तरी पत्र टिकले, कारण मंडळ्यांनी ते वाचले, उतरून घेतले आणि एकमेकींकडे धाडले.

पेशवे दप्तरातील कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. एका पत्राचा अर्थ त्याच्या आगेमागे असलेल्या पत्रांत असतो. गाठ सोडून एकच कागद काढून नेला की तो मुका होतो, आणि मागे राहिलेलेही.

आता आमच्या कुटुंबाविषयी. गावचे घर विकले गेले आणि तिघा भावांची वडिलोपार्जित लोखंडी पेटी तळोजा येथे, माळा नसलेल्या सदनिकेत आली. आत मोडी कागद. एकावर सरकारी शिक्का. एका व्यापाऱ्याने तेवढाच मागितला, बाकीची रद्दी म्हणाला. धाकट्याला मुलीच्या फीची निकड होती. त्याला मोहाविषयी प्रवचन देणे आम्हांस रास्त वाटले नाही. आधी वाचून घ्या, एवढेच सांगितले.

मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी दोन संध्याकाळी बसून कागद लावले. रद्दी ठरलेले कागद म्हणजे पणजीने विहिरीच्या पाण्यासाठी केलेल्या अर्जांच्या नकला होत्या. शिक्क्याचा कागद हे त्यांचे उत्तर होते : पाणी मिळाले होते. अक्षर कारकुनाचे, पण मागणी तिची. विधवा बाई पाच वर्षे अर्ज करीत होती, हे तिच्या पणतवंडांना तोवर ठाऊक नव्हते.

थोरल्या दोघांनी फीचा भार उचलला. मूळ कागद एकत्र बांधले गेले आणि प्रती तिन्ही घरांत गेल्या. व्यापाऱ्याला निरोप धाडला.

वाचकहो, आजोबांची पेटी रिकामी करण्यापूर्वी ती कोणा जाणकाराला दाखवा, आणि वाचून होईस्तोवर एकही कागद वेगळा काढू नका. आमच्या धर्मग्रामातील कोणास सोबत हवी असेल, तर आम्ही येऊ.