चालतोय की अजून!

आमच्या बाबांच्या तोंडी एक वाक्य कायमचे वस्तीला आहे. पंख्याची घरघर वाढली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधावी लागली, छत्रीची एखादी तार निखळली, तरी ते शांतपणे म्हणतात, ‘‘चालतोय की अजून!’’ रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढलेला माणूस. वस्तू जपून वापरणे हा त्यांचा स्वभावच. लहानपणापासून हे वाक्य मी कौतुकाने ऐकत आले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र त्याच वाक्याने मला एक अख्खी रात्र जागवले.

त्या महिन्याच्या अखेरीस बडोद्याला पावसाने झोडपून काढले. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. माझे माहेर अकोट्याला, दुसऱ्या मजल्यावर. घरात पाणी येण्याची भीती नव्हती, पण वीज गेली होती. मी इकडे इंदूरला. सकाळी आईशी दोन शब्द झाले आणि दुपारपासून बाबांचा फोन बंद. दर अर्ध्या तासाने मी नंबर फिरवत होते आणि दर वेळी तोच यंत्राचा आवाज ऐकत होते. बाबा तेव्हा ८१ वर्षांचे, आई ७६ वर्षांची. मनात काय काय आले ते इथे लिहीत नाही. लांब राहणाऱ्या लेकींना ते सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांच्या मुलाचा फोन आला. ‘‘बेन, काका-काकी सलामत छे, चिंता न करशो.’’ मी देवापुढे साखर ठेवली आणि मग मनसोक्त रडून घेतले.

दिवाळीला बडोद्याला गेले तेव्हा उलगडा झाला. बाबांचा तो आठ-नऊ वर्षांचा जुना फोन वर्षभरापासून जेमतेम दुपारपर्यंत टिकत होता. दिवसभर तो तारेला लावून ठेवायचा, एवढाच त्यावर उपाय. ‘‘मग सांगितले का नाही?’’ मी विचारले. उत्तर ठरलेलेच होते, ‘‘चालतोय की अजून! तुम्हाला उगाच कशाला खर्चात घालायचे?’’ मी मान खाली घातली. कारण ‘फोन कसा चालतो?’ हे मीही वर्षभरात एकदा विचारले नव्हते. ते मागणार नाहीत आणि आपण विचारणार नाही, या दोन चांगुलपणांच्या मधल्या फटीत आमची ती रात्र सापडली होती.

गंमत अशी, की घरात दुसरा फोन होता. धाकट्या भावाने कॅनडाहून येताना मोठा, देखणा फोन आणला होता. म्हाताऱ्या माणसांना अक्षरे मोठी दिसावीत, म्हणून फोनही मोठा, हा त्याचा हिशेब. तो खोक्यासकट कपाटात, आईच्या पैठणीशेजारी निजला होता. ‘‘वापरत का नाही?’’ म्हटले तर आईने तो हातात घेऊन दाखवला. तिचा सांध्यांनी आखडलेला अंगठा पडद्याच्या अर्ध्यावरच थांबत होता. बाबा म्हणाले, ‘‘अगं, जिना उतरताना एका हातात काठी असते. दुसऱ्या हातात हे पाट्यासारखे धूड धरायचे कसे? सदऱ्याच्या खिशात ठेवले, तर वाकल्याबरोबर बाहेर.’’ खरेच, आपण तरुण माणसे दोन हात मोकळे आहेत असे गृहीत धरतो. म्हातारपणी एक हात आधीच कठड्याने, काठीने नाहीतर जोडीदाराने धरून ठेवलेला असतो.

मग बाबांनी खणातून आपली पोलादी पट्टी काढली. जुना फोन रुंदीला ७१ मिलिमीटर, मोठा ७७. ‘‘सहा मिलिमीटर,’’ ते म्हणाले, ‘‘तळहाताला पुष्कळ होतात. दुकानदार पडदा तिरपा मोजून इंच सांगतो. पण मुठीत मावते ती रुंदी.’’ एवढी शहाणी गोष्ट मला कुठल्याच जाहिरातीत वाचायला मिळाली नव्हती. अक्षरांचे म्हणावे, तर ती लहान फोनवरही सेटिंगमध्ये जाऊन हवी तेवढी वाढवता येतात. त्यासाठी फोनच मोठा घ्यायचे कारण नाही.

लहान फोन शोधायला आम्ही दोघे रावपुऱ्यात गेलो. दुकानदार हसला, म्हणाला, लहान कुणी मागतच नाही. त्याचेही चुकले नव्हते. ‘अ‍ॅपल’ने २०२० आणि २०२१ साली ५.४ इंची ‘मिनी’ फोन काढले होते, रुंदी अवघी ६४ मिलिमीटर. पण २०२२ च्या नव्या फोनांत मिनी नव्हताच, आणि २०२३ च्या सप्टेंबरात कंपनीने तो विकायचेही थांबवले. वापरलेला मिळाला असता. पण जुन्या फोनची बॅटरी थकलेली, शिवाय कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याला कमीच वर्षे मिळणार. बँकेचे आणि पेन्शनचे व्यवहार ज्या फोनवर व्हायचे, त्याला त्या दुरुस्त्या हव्यातच.

शेवटी पट्टीच कामाला आली. नव्या फोनांना पडद्याभोवतीची काठाची पट्टी जवळजवळ उरलेली नाही. त्यामुळे ६.२ इंची पडद्याचा एक फोन रुंदीला बरोबर जुन्या फोनएवढाच भरला, वजन १६७ ग्रॅम. बाबांचा चेहरा खुलला. किंमत ऐकताच मावळला. लहान आणि चांगला फोन आता महागड्या पंक्तीतच बसतो. दुकानदार समजूत घालू लागला, ‘‘काका, कंपनी सात वर्षे दुरुस्त्या देणार आहे.’’ बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘‘सात वर्षे? म्हणजे मी अठ्ठ्याऐंशीचा. एवढ्या लांबच्या तारखेची वस्तू आता कशाला घेतेस?’’

दुकानात गर्दी होती, दिवाळीचे दिवे लागले होते, आणि मला उत्तर सुचेना. खरे तर हाच प्रश्न आम्ही भावंडे आतून टाळत होतो. आता घ्यावा की पुढच्या वर्षी, सवलतीत घ्यावा की नवा निघाल्यावर, असे म्हणत दिवस ढकलण्याच्या मागे, ‘त्यांना आता किती लागणार?’ हा न उच्चारलेला हिशेब होता. मी म्हटले, ‘‘बाबा, हा तुमच्यासाठी नाहीच. माझ्या झोपेसाठी आहे.’’ त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘‘घे मग.’’

त्यानंतर मी दहा दिवस राहिले. वेळ कधी साधावी, याचा धडा मला त्या दहा दिवसांत मिळाला. जुना फोन पुरता बंद पडल्यावर नवा आणला, की घाबरलेल्या माणसाला एकदम सगळे शिकावे लागते. जुना अजून धुगधुगतो आहे तोवर आणला, तर हात सावकाश वळतो. पहिले तीन दिवस फक्त फोन घेणे आणि करणे. मग आईसाठी व्हिडिओवर नातवंडे. बँकेचे अगदी शेवटी. मी भरभर दाखवू लागले की बाबा माझा हात बाजूला करीत, ‘‘तुझे बोट नको, माझे बोट चालव.’’ एकदा वैतागून म्हणाले, ‘‘माझी आई शाळेत गेली ती सयाजीराव महाराजांच्या १९०६ च्या सक्तीच्या शिक्षणामुळे. माझ्या नशिबी लेकीची सक्ती!’’ पण नोव्हेंबरात पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला त्यांनी घरी बसून, फोनला स्वतःचा चेहरा दाखवून भरला. ‘‘मी जिवंत असल्याचे सरकारने मान्य केले,’’ असे त्या दिवशी त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना सांगितले.

महत्त्वाचे नंबर मात्र आईने वहीत लिहून वही देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे. वीज गेली तर हाताशी असावी, म्हणून भरून ठेवायची एक वेगळी बॅटरीही आणली. मोठा फोन भाचीला गेला. जुना, सकाळच्या गजरापुरता, अजून चालतोय.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची आईबाबा एका गावी आणि मुले दुसऱ्या, अशी गत आहे. त्यांच्या फोनची वेळ कधी झाली, हे ते सांगतील म्हणून थांबू नका. पुढच्या खेपेला माहेरी गेलात, तर दुपारी चारला त्यांचा फोन हातात घेऊन बॅटरी किती उरली ते पाहा. आणि ‘चालतोय की अजून’ हे शब्द कानी आले, की ते नकार म्हणून ऐकू नका. तीच वेळ आहे असे समजा.

आता पाऊस लागला की संध्याकाळी बाबांचा फोन येतो. तब्येतीचे, हवेचे, विश्वामित्रीच्या पाण्याचे सांगून झाले, की ठेवण्यापूर्वी ते न चुकता एक आकडा सांगतात. काल म्हणाले, ‘‘बहात्तर टक्के. झोप आता.’’