शेरास सव्वाशेर

डॉक्टरांनी सहा किलो वजन उतरवायला सांगितले आणि मी त्याच संध्याकाळी डिजिटल वजनकाटा विकत आणला. वजन उतरवण्यापेक्षा काटा आणणे केव्हाही सोपे!

चढलो. ७८.४. उतरून पुन्हा चढलो, तर ७८.६! तिसऱ्यांदा ७८.३. मी तोच आकडा खरा मानून पोहे मागवले.

रविवारी इलेक्ट्रॉनिक्सवाला भाचा आला. त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले.

"मामा, तुम्ही उभे राहिलात की आतली पट्टी किंचित वाकते, त्यातून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. त्यांचा आकडा करते ती चिप."

"कशी?"

"एक जात जुन्या वाण्यासारखी. आधी अच्छेर टाकायचं. जास्त झालं तर काढायचं, नाहीतर राहू द्यायचं. मग पावशेर, अदपाव, छटाक. चार वजनांत सोळा पायऱ्या, म्हणजे चार बिट. बारा बिटांत ४,०९६."

म्हणजे आमच्या आजोबांचा वाणी डिजिटल होता तर! फक्त त्याचे शेवटचे बिट नेहमी त्याच्याच बाजूला झुके.

"काट्यांत बहुधा दुसरी जात असते, सिग्मा-डेल्टा. ती भराभर असंख्य वेळा चाचपते आणि सरासरी सांगते. एचएक्स ७११ ही त्यातलीच. २४ बिट, म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या."

जेजुरीच्या नवलाख पायऱ्या फिक्या पडल्या. माझा ऊर भरून आला.

"हुरळू नका. शेवटचे कितीतरी बिट खरखरीतच वाहून जातात. कामाचे किती, ते माहितीपत्रकाच्या आतल्या तक्त्यात बघायचं."

हे मात्र चटकन कळले. पगार आणि हाती पडणारा पगार!

"शिवाय चिप नुसती तुलना करते, ठरवून दिलेल्या एका व्होल्टेजशी. तेच चुकलं, की सगळे बिट बिनचूक चुकतात."

मी भिंतीकडे पाहिले. तिथे लग्नातला फोटो होता, सत्तावन्न किलोंचा. गेली तीस वर्षे मी आरशात बघताना मनात तोच धरून चाललो होतो!

"पॉइंटच्या पुढचं काय घेऊन बसलात?" सौ. आतून म्हणाली. "अलीकडचं बघा!"

दुसऱ्या दिवसापासून पोळीवरचे तूप बंद झाले. आठवड्यात चारशे ग्रॅम उतरले. भाचा म्हणतो, एवढी खरखर असायचीच. मी मात्र ते कामाच्या बिटांत धरले आहेत.