शिक्षकाची शिदोरी

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले, हे आपल्या घरांतून अभिमानाने सांगितले जाते. परंतु सक्तीने मूल वर्गापर्यंत येते. त्याला तेथे रमविणारा शिक्षक सक्तीने घडत नाही. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबर फिरती ग्रंथालयेही उभी राहिली आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. आडगावच्या एकट्या मास्तरांना तीच पेटी शिदोरी वाटली असेल.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण, तेही त्यांच्या आवडीनुसार, सुचविले आहे. पाठ आणि चित्रफिती ‘दीक्षा’वरून थेट फोनवर मिळतात. सोय मोठी आहे. तथापि तास मोजता येतात, आवड मुळात असावी लागते. आणि ती वाचनाने जडते.

आपल्या कपाटांत आजोबांची मराठी पुस्तके पडून आहेत. नातवंडे इंग्रजी वा गुजराती शाळांत जातात. बडोद्यात मराठी शिकविणाऱ्यांच्या हाती ती पुस्तके वेळीच गेली, तर महाराजांच्या पेटीचा प्रवास आपल्या उंबरठ्यावर थांबणार नाही.