कानाची परीक्षा

गेल्या गणपतीत थोरला मुलगा मुंबईहून मालवणला आला, तो मखराच्या सामानाबरोबर दोन लहान पेट्या घेऊन. घरी ॲम्प्लिफायर आणि स्पीकरांची जोडी त्याने आधीच बसवून दिली होती. गुडघ्यांनी कीर्तनाची उभी सेवा थांबवली, तेव्हापासून मी संध्याकाळी ऐकत बसतो. पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी असते, जुन्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे असतात. नव्या पेट्यांना ‘डॅक’ म्हणतात. एक दहा हजारांची, मुलाने विकत घेतलेली. दुसरी दीड लाखाची, मित्राकडून आठ दिवसांसाठी मागून आणलेली.

‘‘बाबा, तुमचा कान तयार आहे. कुठली ठेवायची ते तुम्ही सांगा,’’ मुलगा म्हणाला. कीर्तनकाराला याहून गोड आमंत्रण कोणते?

हे डॅक काय करते, ते मला नातीने समजावले. ती मुंबईला विज्ञान शिकते. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हापासून गाणे आकड्यांत लिहून ठेवण्याची रीत घरोघर आली. एका सेकंदात ४४,१०० वेळा नादाचे माप घेतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. माणसाचा चांगला कान सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकतो. सर्वांत वरचा नाद नीट टिपायचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा माप घ्यावे लागते, म्हणून तो आकडा. डॅक त्या आकड्यांचा पुन्हा विजेचा प्रवाह करते, ॲम्प्लिफायर त्याला बळ देतो आणि स्पीकर हवा हलवतो. मला हे पटले. पोथीतले अक्षर म्हणजे काही नाद नव्हे, पण वाचणारा भेटला की त्याच अक्षरांतून ओवी कानावर येते. डॅक म्हणजे आकड्यांची पोथी वाचणारा.

मग परीक्षा सुरू झाली. आधी स्वस्त पेटी, मग महाग. तोच अभंग. मी डोळे मिटून ऐकले आणि निकाल दिला, ‘‘दुसरीत स्वर भरीव आहे, पखवाजाची थाप मोकळी आहे. पहिलीत जीव नाही.’’ हे सांगताना हात आपसूक वर गेला होता. घरातल्या मंडळींनी माना डोलावल्या.

नात तेवढी गप्प होती. तिने बापाचे विजेचे मीटर आणले, एकसुरी नाद लावला आणि स्पीकरच्या तारांपाशी मोजले. स्वस्त पेटीवर दोन व्होल्ट, महागावर दोन पूर्णांक तीन. ‘‘आजोबा, महाग पेटी थोडी मोठ्याने वाजते आहे. फरक इतका लहान असला की कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो.’’ तिने दोन्हींचे माप सारखे केले, पेट्यांवर पंचा टाकला आणि दहा वेळा विचारले, आता कुठली? माझी उत्तरे पाच वेळा बरोबर आली. नाणे उडवले असते तरी याहून वेगळे काय झाले असते? मुलाने करून पाहिले. त्याची सहा बरोबर आली.

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘बुवांचो कान पंचाखाली गेलो मां?’’ सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप आली नाही.

हरलो याचे दुःख नव्हते. आठवत होते ते दुसरेच. उमेदीच्या काळात सप्ताहाला गेलो की मंडपात पाय ठेवताच मी ध्वनिक्षेपकवाल्याला बोलावत असे. आवाज वाढव, इको वाढव. शब्द खांबाखांबांवरून घुमत परत आला की मला वाटे, आज रंगले. एका गावी वीज गेली. त्या रात्री शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे म्हणून मी सावकाश, शब्द सुटे करून बोललो. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडून म्हणाली, ‘‘आज तुमचा सगळा समाजला, बुवा.’’ मी ते वाक्य कौतुक म्हणून घरी नेले. त्याचा दुसरा अर्थ, की एरवी समजत नव्हते, मला त्या रात्री कळला नाही. तो या गणपतीत कळला. मोठ्या आवाजाला गोडी समजण्याची चूक माझ्या कानाने काही आज प्रथम केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हटले, महाग पेटी बांधून ठेव आणि खर्च न करता काय सुधारते ते दाखव. स्पीकर भिंतीला टेकून होते. ते दोन फूट पुढे ओढले, तर पखवाजाच्या धूमेचा गढूळपणा गेला, बोल निराळे झाले. समोरच्या गिलावा केलेल्या उघड्या भिंतीवर जुनी गोधडी टांगली, तर शब्दामागे येणारा पडसाद बसला. हा फरक सर्वांना पंचा न टाकता कळला. खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेली तारांची टोके खरवडून पुन्हा घट्ट केली, तेव्हा मधूनमधून येणारी खरखर थांबली. म्हणून ज्यांना घरी ऐकण्याची सोय करायची आहे त्यांना सांगतो: आधी खोली पाहा, मग स्पीकर, मग त्यांना पुरेल असा ॲम्प्लिफायर. डॅकचा विचार सर्वांत शेवटी करा, साधे चांगले असले तरी पुरते. दोन वस्तू ताडून पाहायच्या तर आवाज मापून सारखा करा आणि किंमत माहीत नसताना ऐका.

त्याच दुपारी एक अभंग संपताना मी उठू लागलो, तर नातीने हात धरला. ‘‘थांबा, टाळ अजून वाजतोय.’’ माझ्यासाठी तो केव्हाच थांबला होता. मी विचारले, कसा वाजतो? ती म्हणाली, ‘‘बारीक, वर वर जातोय, आता गेला.’’ पन्नास वर्षे काशाचे टाळ माझ्या पाठीमागे वाजले. त्यांच्या नादाचे ते टोक कधी मावळले, मला कळलेही नाही. वयाबरोबर वरचे बारीक नाद आधी जातात, असे पुढे कानाच्या डॉक्टरांनी सांगितले. दीड लाखाची पेटी जे नाद अधिक नेमके देईलही, ते घेणारा कानच माझ्याकडे उरला नव्हता.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. मी जन्मभर दुसऱ्या पायरीवर उभा राहून पहिलीवरच्या लोकांशी बोललो. परीक्षितीने सात दिवस भागवत ऐकले. मरण समोर असताना तो शुकाचार्यांचा आवाज पारखत बसला नसेल. मी मात्र अभंगवाणी लावून भरीवपणा मोजत होतो, आणि त्या अभंगात काय मागितले आहे ते विचारले असते तर मला आठवून सांगावे लागले असते.

महाग पेटी मित्राकडे परत गेली. मुलाला वाईट वाटले. त्याला बापासाठी काही मोठे करायचे होते. मी म्हटले, केलेस की, माझा कान मला दाखवलास. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि घरात ऐकायला आपलाच हरिपाठ होता, याची त्याला आठवण दिली.

नात सुट्टीला येते तेव्हा हरिपाठाला माझ्या शेजारी बसते. सुरुवातीला मी टाळ एकदाच वाजवतो आणि तिच्याकडे पाहतो. नाद पुरता विरला की ती मान हलवते, मग आम्ही म्हणायला लागतो.

राम कृष्ण हरी.