दगडातले शेवाळ

मला दगड गोळा करण्याचा छंद आहे. कोणी टपाल तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी जमवतो, मी दगड जमवतो. या छंदाला पैसे लागत नाहीत. जरा थांबून खाली पाहण्याची सवय मात्र लागते.

मी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, क्रांती चौकाजवळ राहतो. 1857 च्या उठावातील शिपायांच्या बलिदानाशी या चौकाचे नाव जोडलेले आहे. आज तेथे दिवसभर वाहनांची वर्दळ असते. आसपास कुठे ना कुठे बांधकाम चालू असते आणि रस्त्याच्या कडेला खडी किंवा मुरूम पडलेला असतो. लोक त्या ढिगाला वळसा घालून जातात. मी तेथे थांबतो.

गेल्या वर्षी माझी भाची माझ्याबरोबर होती. ती तेव्हा नववीत होती. तिने ढिगातून लिंबाएवढा एक पांढुरका दगड उचलला. तो एका बाजूने फुटला होता. तिने त्यावर बाटलीतले थोडे पाणी टाकले आणि ती आनंदाने ओरडली, "मामू, हे पाहा! आत शेवाळ आहे!"

खरोखरच दगडाच्या आत हिरवे तंतू पसरलेले दिसत होते. पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ दिसते, अगदी तसेच. तिच्या शाळेत लवकरच विज्ञान प्रदर्शन भरणार होते. दगडाखाली ठेवायची चिठ्ठी तिने मनात तयारही केली : 'कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शेवाळाचा जीवाश्म.'

मी म्हणालो, "बेटा, चिठ्ठी लिहिण्याआधी दगडाला चार प्रश्न विचारू."

पहिला प्रश्न, तू कोणत्या खडकातून आलास? आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि थंड होऊन त्याचा हा दगड बनला. वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते. त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत गारेचे थर साचले. असाच अकीक तयार होतो.

मग शेवाळाचे खरे जीवाश्म कसे असतात? नील-हरित शैवाल उथळ पाण्यात राहते. आज शास्त्रज्ञ त्याला जिवाणूंमध्ये मोजतात. त्याचा चिकट थर तळाशी पसरतो. त्यावर चुन्याचे आणि मातीचे कण चिकटतात. उजेड मिळावा म्हणून शैवाल वर सरकते आणि नवा थर तयार होतो. असे हजारो थर साचून घुमटासारखा दगड बनतो. त्याला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. तो कापला, तर कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कमानी दिसतात. राजस्थानात चित्तोडगडजवळ भोजुंदा येथे आणि उदयपूरजवळ झामरकोट्रा येथे असे दगड आहेत. उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यातील सलखन येथेही ते आहेत. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे तर असे घुमट आजही वाढत आहेत. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू आला, तो प्रथम अशाच सूक्ष्म जीवांमुळे!

"मग आपल्या दगडात शेवाळ असूच शकत नाही का?" भाचीने विचारले.

प्रश्न चांगला होता. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. त्या काळात तळी तयार होत. त्यांच्या गाळात कारा नावाच्या शैवालाचे बारीक गोळे सापडले आहेत. पण ते मोहरीहूनही लहान असतात आणि गाळाच्या थरात मिळतात. अकीकच्या पोटात हिरव्या फांद्या होऊन ते पसरत नाहीत.

दुसरा प्रश्न सिरक्याने विचारला. चुनखडीवर सिरका टाकला की बारीक बुडबुडे येतात. आमच्या दगडावर एकही बुडबुडा आला नाही. तिसरा प्रश्न सुरीच्या टोकाने विचारला. चुनखडीवर पोलादी सुरीचा ओरखडा उठतो. आमच्या दगडावर ओरखडा उठला नाही. म्हणजे तो गारेच्या जातीचा होता.

चौथ्या प्रश्नासाठी दगड घासावा लागला. हार्डवेअरच्या दुकानातून आम्ही पाण्यात चालणारे पॉलिश पेपर आणले : 120, 220, 400, 600 आणि 1000 नंबरचे. नंबर वाढतो तसा कागद बारीक होतो. कागद काचेच्या तुकड्यावर ठेवायचा, पाणी टाकायचे आणि दगड गोल गोल फिरवायचा. कागद बदलताना दगड नीट धुवायचा, नाहीतर आधीचा जाड कण नव्या कागदावर जातो आणि चरे पाडतो. अकीक फार कठीण असतो. रोज अर्धा तास घासूनही आम्हाला दोन आठवडे लागले. शेवटी ओल्या चामड्यावर काच चमकवण्याची पावडर घेऊन दगड घासला.

दगड नेहमी ओला ठेवूनच घासावा. गुजरातमधील खंबायत शहर अकीकच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तेथे दगडाची कोरडी धूळ श्वासाबरोबर आत जाऊन अनेक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला. तो आजार बरा होत नाही. दुकानातला चमकदार मणी पाहताना त्या कारागिरांची आठवण ठेवावी.

आमचा दगड आरशासारखा झाला. भाचीने भिंग लावून पाहिले. हिरव्या तंतूंना देठ नव्हता, पेशी नव्हत्या, शैवालाचे थरही नव्हते. ते हिरव्या खनिजाचे धागे होते. गार साचताना ते आत पसरले होते.

"म्हणजे हे शेवाळ नाही," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

मी विचारले, "झाडाला उर्दूत काय म्हणतात?"

"शजर."

"उत्तर प्रदेशात बांदा येथे केन नदीत असेच दगड मिळतात. आत झाडे दिसतात, म्हणून लोकांनी त्यांना शजर हेच नाव दिले. ती झाडे नाहीत, हे माहीत असूनही लोक ते दगड आवडीने अंगठीत घालतात."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिची एक मैत्रीण म्हणाली, "जीवाश्म असेच लिही ना! कोणाला कळणार आहे?" भाचीने थोडा वेळ विचार केला. मग तिने स्वच्छ अक्षरांत चिठ्ठी लिहिली : 'शजरी अकीक. शेवाळासारखा दिसतो, पण शेवाळ नाही. क्रांती चौकातील मुरुमात सापडला. मूळ खाण माहीत नाही.' शेजारी तिने स्ट्रोमॅटोलाइटचे चित्र काढून ठेवले आणि भिंगही ठेवले.

तिला बक्षीस मिळाले नाही. पण तिच्या टेबलाजवळ मुलांची गर्दी हटत नव्हती. 'शेवाळ नाही' हे वाचून प्रत्येक जण विचारी, "कशावरून?" ती भिंग पुढे करी आणि म्हणे, "तूच पाहा."

मित्रांनो, शाळेच्या वाटेवर खडीचा ढीग दिसला, तर तुम्हीही क्षणभर थांबा. एखादा सुंदर दगड मिळाला, तर तो जरूर घरी न्या. मात्र त्याला नाव देण्याआधी त्याची नीट विचारपूस करा.